आज आई मांडी घालून बसली

दोन वर्षं आईची कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी जरा सरकलेली दिसली आणि सगळे उपचार तिथेच अडकून पडले. आज नव्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "आजी, एका बोटाने दाखवा, कुठे दुखतं?" आईचं बोट मणक्यावर गेलंच नाही. खाली उजवीकडे, कमरेच्या खळीवर टेकलं. एसआय सांधा. कण्याचं खालचं हाड कमरेच्या रुंद हाडाला जुळतं ती जागा.

मग सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली बघत त्याच सांध्यात भुलीचं इंजेक्शन दिलं. घरी आल्यावर आई देवासमोर मांडी घालून बसली! दिवेलागणीपर्यंत दुखणं परत आलं, पण मूळ सापडलं.

आता ऑपरेशन करायचं का? टायटॅनियमचे इम्प्लांट ठोकून सांधा जखडतात. अमेरिकेतल्या १४८ आणि युरोपातल्या १०३ रुग्णांच्या चाचण्यांत बिनऑपरेशनच्या उपचारांपेक्षा त्याने बराच जास्त आराम पडला. पण दोन्हींचा खर्च इम्प्लांटच्याच कंपनीचा, आणि आपलं ऑपरेशन झालंय हे रुग्णांना ठाऊक होतं. नॉर्वे-स्वीडनमध्ये ६३ जणांपैकी साधारण निम्म्यांना, त्यांना कळू न देता, इम्प्लांट न घालता नुसता छेद दिला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

तूर्तास ऑपरेशन नाही. कमरेला पट्टा, आणि कुल्ल्यांच्या स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. फिजिओथेरपिस्टने सहा आठवडे नेमाने करायला सांगितलेत. उद्या सकाळी सहाला सतरंजी अंथरतेय, दोघींसाठी.