नाकात छर्रे

शनिवार, रात्री

भाच्याला सुट्टीत उद्योग हवा म्हणून मागवलेलं प्लॅस्टिकच्या विमानाचं किट शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. पहिले दोन दिवस साहेब नेलकटरने भाग चौकटीतून तोडत होते. तिसऱ्या दिवशी किल्ला, चौथ्या दिवशी जयविलास राजवाडा, पाचव्या दिवशी "मामा, बोअर होतंय". काल तो पुण्याला परत गेला. मागे राहिली अर्धवट चिकटवलेली दोन पंखं आणि टेबलावर गोंदाचा एक डाग, ज्याबद्दल हिला अजून सांगितलेलं नाही.

विमान हॉक. इंग्रजांचं, वैमानिक घडवायचं जेट. १९७४ साली पहिल्यांदा उडालं. किट ७२ पट लहान, म्हणजे खऱ्याचे पंख ९.३९ मीटर तर माझे तेरा सेंटिमीटर. कंपासपेटीत आडवं बसेल. इथे ग्वाल्हेरला विमान म्हटलं की मिराज, हवाई दलाचं लढाऊ विमान. १९८५ पासून महाराजपूरच्या हवाई तळावरून उडतायत, अंगणात पापड वाळत घालणारी बाईसुद्धा आवाजावरून ओळखते. पण मिराजवर थेट कोण बसतो? आधी कुठेतरी शिकावं लागतंच.

आज फक्त कॉकपिट रंगवलं. दोन खुर्च्या, करड्या, पट्टे खाकी. पट्टा म्हणजे केसाएवढी रेघ. ब्रशने जमेना, टूथपिकचं टोक ब्लेडने तासून घेतलं. भिंग डोळ्याला, श्वास रोखलेला, आणि शेजारच्या खोलीत हिच्या शिकवणीच्या मुलींचा यमन चालू. बाहेर साडेनऊलाही भिंती तापलेल्या. रंग टोकावरच सुकतो, दर दोन रेघांनी पुसून पुन्हा बुडवा.

रंगवता रंगवता लक्षात आलं, की यात गुरू मागे बसतो आणि शिष्य पुढे. आपल्याकडे उलटं. मैफलीत गुरू पुढे, शिष्य तंबोरा घेऊन मागे. शिकवणी संपल्यावर हिला दाखवलं. माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली बाई. विमानाशी काडीचा संबंध नाही. खुर्च्या बघून म्हणाली, "माझ्या पोरी अशा पुढे बसल्या तर मला नुसत्या वेण्या दिसतील."

तेच तर. म्हणून मागची खुर्ची उंच केलेली आहे, गुरूला शिष्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसावी म्हणून. किटमध्येसुद्धा ती पायरी दिसते, जेमतेम तीन मिलिमीटरची.

आपल्या हवाई दलाच्या 'किरण' या शिकाऊ विमानात दोघं शेजारी-शेजारी बसतात, तालमीला बसल्यासारखे. ते विमान हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलं. आराखडा करणाऱ्या चमूचे प्रमुख आपले विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरकडचे. पहिलं उड्डाण १९६४ चं. पण किरणवरून उठून पोरांना थेट मिग-२१ या लढाऊ विमानावर बसवत. म्हणजे सुरांचे प्राथमिक अलंकार घोटून झाले की थेट टप्प्यासारखा ताना-मुरक्यांनी गच्च भरलेला गानप्रकार गायला लावायचा. ग्वाल्हेरच्या माणसाला टप्पा म्हणजे काय हे सांगायला नको. मधली पायरी हवी, प्रगत प्रशिक्षणासाठी जेट हवं, असं विमान अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्ये सांगितलं होतं. ६६ हॉकचा करार झाला २००४ ला, विमानं हवाई दलाच्या बिदरच्या तळावर दाखल झाली २००८ ला. मधल्या काळात किती घरांत फोटोंना हार चढले ते मोजत बसवत नाही. मी टूथपिक पुसून ठेवलं.

सोमवार

भाच्याचा फोन. हवाई दलाच्या कसरतपथकाच्या, सूर्यकिरणच्या रंगात रंगव म्हणे. बाबा रे, सूर्यकिरणवाले उडवतात ते हॉक १३२. त्याचं नाक लांब, शेपूट उंच. हे जुनं टी-१ आहे, ब्रिटिशांच्या कसरतपथकाचं, रेड ॲरोजचं. वर तिरंगा काढला तरी ओळखणारा ओळखणारच. "कोण ओळखणार?" म्हणाला. मी ओळखणार.

करड्या प्लॅस्टिकवर लाल रंग चढत नाही, आधी पांढरा हात द्यावा लागतो. तो दिला, सुकवला, रेगमाल मारला, मग लाल. चमकदार, ओला, आरशासारखा. तेवढ्यात हिने कूलर लावला आणि वाळ्याचं एक कुसळ उडत येऊन बरोबर विमानाच्या पाठीवर बसलं. चिमट्याने काढायला गेलो तर आडवा ओरखडा. कूलर बंद केला. घरात बेचाळीस डिग्रीत लाल रंग वाळतोय आणि कोणी माझ्याशी बोलत नाहीये.

गुरुवार

वीज नव्हती. काही केलं नाही.

रविवार

चाकं लावली, टेबलावर ठेवलं, हात काढला आणि विमान धपकन शेपटीवर बसलं. नाक आढ्याकडे. शिष्य आकाश बघतोय, गुरू खाली घसरलेला.

सूचनापत्रक पुन्हा काढलं. नाक बंद करण्याआधीच्या पायरीत वजनाचं एवढंसं चित्र आहे. तीन चाकांच्या विमानात एक चाक पुढे, दोन मागे. भार मागच्या दोघांच्या मागे गेला की संपलं. नाक भाच्याने चिकटवलं होतं. पण पत्रक माझ्या हातात होतं, तेव्हा त्याच्यावर ढकलता येत नाही.

संध्याकाळी फूलबागेच्या चौपाटीवर गेलो. फुगे फोडायच्या बंदुकीवाल्याला म्हटलं, वीस-पंचवीस छर्रे दे, पैसे घे. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बंदूक नहीं चलाओगे?" नाही म्हटलं. "तो करोगे क्या?" विमानाच्या नाकात घालणार, असं सांगण्याची हिंमत झाली नाही. नातवाच्या खेळण्यासाठी म्हटलं. मला नातू नाही.

पुढच्या चाकाच्या खाचेतून वर भोक पाडलं आणि एकेक छर्रा चिमट्याने आत सोडला. आत घरंगळताना टिचटिच आवाज. पांढरा गोंद यात चुकूनही ओतू नये. त्यातल्या आम्लाने शिसं गंजतं, फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांनी नाक आतून फाटतं. म्हणून दोन नळ्या कालवून लावायचा अ‍ॅराल्डाइट, आणि रात्रभर विमान पेल्यात नाक खाली करून उभं. पेला हिचा चहाचा. सकाळी कळेल.

सोमवार

अठरा छर्रे पुरले. तीन चाकांवर उभं आहे. पाठीवर वाळ्याचा ओरखडा आहे, तो चिकटवायच्या चित्राखाली, डिकॅलखाली, जेमतेम अर्धा लपला.

भाच्याला व्हिडिओ कॉल केला. सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं, झाकणातून दोन खुर्च्या दाखवल्या, पट्टे दाखवले.

"मामा, चाकं फिरतात का?"

नाही, म्हटलं, चिकटवलेली आहेत.

"हं," म्हणाला, आणि फोन ताईकडे दिला.