नखाच्या मुळाशी वाहणारं रक्त: वेग मोजण्याचा टप्पा

चित्र आता स्थिर मिळू लागलंय आणि वेगाची पहिली मोजमापं हाती आली आहेत, म्हणून ही नोंद. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. नखाच्या मुळाशी कातडीची जी पातळ घडी असते, तिच्यातल्या केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, मी साध्या यूएसबी मायक्रोस्कोपने पाहतोय. कातडीत इतरत्र या वाहिन्या बहुतेक उभ्या असतात, त्यामुळे वरून नुसता ठिपका दिसतो. इथे त्या आडव्या झोपलेल्या असतात, म्हणून केसांच्या आकड्यासारखा अख्खा वळसा नजरेत येतो. एका बाजूने रक्त येतं, टोकाशी वळतं आणि दुसऱ्या बाजूने परत जातं. येणारी बाजू बारीक, जाणारी जरा रुंद. वाहिनीची भिंत मात्र दिसत नाही. ती एकाच पेशीच्या जाडीची आणि पारदर्शक असते. आपल्याला दिसते ती आतल्या तांबड्या पेशींची रांग.

मांडणी आता अशी ठरली आहे. डाव्या हाताची अनामिका घेतो, कारण तिथली कातडी बहुतेकांची जास्त पारदर्शक असते. बोट शाडूच्या गोळ्यात रुतवून हात छातीच्या उंचीवर टेकवतो. नाडीच्या ठोक्याने चित्र हलायचं, ते यामुळे जवळजवळ थांबलं. घडीवर तेलाचा एक थेंब हवाच, नाहीतर वरच्या खडबडीत थरावर प्रकाश विखुरतो. खोबरेल छान चालतं, पण थंडीत गोठतं. तेव्हा एरंडेल घ्या, ते घट्ट असल्याने ओघळतही नाही. मायक्रोस्कोपचे पांढरे दिवे बंद ठेवून बाजूने तिरपा हिरवा एलईडी लावतो. रक्ताला तांबडा रंग देणारं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषून घेतं, त्यामुळे वाहिन्या फिकट पार्श्वभूमीवर काळ्याभोर उठून दिसतात. आणि खोक्यावर छापलेल्या ‘हजार पट’वर अजिबात जाऊ नका. मोजपट्टी कोरलेली काचपट्टी एकदा लेन्सखाली धरा आणि एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), ते काढून ठेवा. मोजमापाला तोच आकडा उपयोगी पडतो.

वेग काढायला रक्ताच्या रांगेतल्या मोकळ्या जागा कामी येतात. अधूनमधून काळ्या रांगेत फिकट फट सरकताना दिसते. तिथे नुसता प्लाझ्मा असतो किंवा एखादी पांढरी पेशी चाललेली असते. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा आहे. एक फट पकडायची आणि ती फ्रेमागणिक किती पुढे गेली ते मोजायचं. निवांत बसलेलं असताना माझ्या बोटात वेग सेकंदाला साधारण ०.४ ते ०.७ मिलिमीटर येतोय. शेजारशेजारच्या दोन वळशांत तो सारखा नसतो, आणि एकाच वळशात काही सेकंदांत कमीजास्त होतो. मला या छंदात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत रक्त सगळीकडे एकसारखं वाहतं. इथे ते मिनिटामिनिटाला वाटून दिलं जात असतं.

एवढा कमी वेग का, हे समजून घेतल्याशिवाय आकडे कोरडे राहतात. महाधमनीचा छेद ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असतो, तर साऱ्या केशवाहिन्यांच्या छेदांची बेरीज काही हजार चौरस सेंटिमीटर भरते. तेवढंच रक्त इतक्या रुंदीत पसरलं की त्याचा वेग शेकडो पटींनी उतरतो. केशवाहिनीची लांबी जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, म्हणजे तांबडी पेशी तिथे साधारण सेकंदभर असते. ऑक्सिजन उतरवायला तेवढा वेळ पुरतो. व्यास ५ ते १० मायक्रॉन आणि तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, त्यामुळे अरुंद जागी पेशीला दुमडून एकेकटीनेच पुढे सरकावं लागतं.

वाटप ठरतं ते मात्र केशवाहिनीच्या अलीकडे, धमनिकांमध्ये, म्हणजे धमन्यांच्या बारीक फांद्यांमध्ये. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो. त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे जरासं आकुंचनही पुरेसं होतं. हे पाहायला हात गार पाण्यात बुडवून लगेच लेन्सखाली घेतला. वेग निम्म्याच्याही खाली गेला, काही वळशांत रक्त थबकलं. बोट हळूहळू ऊबेला आल्यावर प्रवाह पूर्वीपेक्षा जोरात सुरू झाला. थंडीने ज्यांची बोटं पांढरी पडतात त्यांनी हा प्रयोग करू नये. अशा तक्रारींत डॉक्टर नखाची हीच घडी तपासतात; स्क्लेरोडर्मा या कातडी कडक होण्याच्या आजारात वळसे फुगलेले आणि विरळ दिसतात. पण घरच्या चित्रावरून स्वतःचं निदान करू नका.

विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचं पुस्तक १६२८ साली छापलं, तेव्हा धमनीतून शिरेत रक्त नेमकं कुठून जातं ते त्याला दाखवता आलं नव्हतं. १६५७ मध्ये तो वारला. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि दुवा जुळला. हार्वेच्या तर्कात ही जागा शिल्लक होती आणि ती त्याने पाहिलीच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप नाही त्यांनी सूर्याकडे पाठ करून निरभ्र निळ्या आकाशाकडे टक लावून पाहा. बारीक तेजस्वी ठिपके वाकड्यातिकड्या वाटांनी पळताना दिसतील, नाडीबरोबर वेग घेत. आपल्याच डोळ्याच्या पडद्यावरच्या केशवाहिन्यांमधल्या त्या पांढऱ्या पेशी. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषतात, पांढऱ्या तो जाऊ देतात. नखाशी दिसणाऱ्या फटींचं आणि या ठिपक्यांचं कारण एकच आहे.

पुढचं काम इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. वळशाच्या बाजूवर एक रेघ ओढायची, प्रत्येक फ्रेममधली तीच रेघ एकाखाली एक रचायची. फटींचे तिरपे पट्टे उमटतात आणि त्यांच्या उतारावरून वेग मिळतो. सेकंदाला ६० फ्रेम घेणारा कॅमेरा कुणाकडे असेल तर हीच पद्धत वापरून पाहा आणि खोलीचं तापमान सोबत नोंदवा, नाहीतर आपले आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत.