पपईचा पिठ्या ढेकूण: खरे यजमान झाड ठरवताना (कुंडी-चाचणीची नोंद)

पपईवरचा पिठ्या ढेकूण, म्हणजे पॅराकोकस मार्जिनेटस, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. भारतात तो २००८ साली कोइमतूरला सापडला आणि २०१० मध्ये पुण्याच्या पपईबागांत पोहोचला. त्याच्या यजमान झाडांच्या याद्या लांबलचक आहेत, पण त्यांतल्या कित्येक नोंदी ‘झाडावर दिसला’ एवढ्यावरच थांबतात. लागण झालेल्या पपईखाली वाढणाऱ्या प्रत्येक तणावर वाऱ्याने पडलेली रांगती पिल्ले मिळतातच. आमची कसोटी एकच: त्याच झाडावर पिल्लाची मादी झाली, तिने अंडीपिशवी विणली आणि त्यातून निघालेली पिल्ले पुन्हा तिथेच स्थिरावली, तरच ते यजमान.

आधी ओळख पक्की करा. या जातीची मादी चिरडली तर पिवळा रस येतो. जास्वंदीवरच्या गुलाबी पिठ्या ढेकणाचा रस लालसर असतो. कपाशीवरच्या फेनाकोकस या दुसऱ्या पिठ्या ढेकणाच्या पाठीवर काळसर डागांच्या रांगा असतात, आपल्या जातीत नसतात. शंका राहिलीच तर दोन-तीन माद्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकून ठेवा. पपईचा ढेकूण निळसर काळा पडतो.

मूळ वसाहत कोंब आलेल्या बटाट्यांवर ठेवली आहे. बागेतून थेट पिल्ले उचलली की परजीवीही सोबत येतात. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणून सोडलेली असेरोफॅगस पपये ही इवलीशी गांधीलमाशी आता बागांमध्ये रुळली आहे आणि ती पिल्लांतच अंडी घालते. म्हणून सुरुवात फक्त अंडीपिशव्यांपासून करायची, तीही भिंगाखाली उघडून. आत क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी नाही ना, हे बघायचे. ती तशीच पांढरी, मेणकट दिसते, पण आकाराने मोठी आणि चालीने चपळ असते.

चाचणीसाठी प्रत्येक जातीची पाच रोपे आणि प्रत्येक रोपावर नुकतीच बाहेर आलेली २० पिल्ले. ती शून्य-शून्य नंबरच्या ओल्या ब्रशने कोवळ्या पानामागे सोडायची. पिल्लू खेचून काढू नका. त्याची सोंड रुतलेली असली तर ती तुटते आणि पिल्लू मरते. चालणारीच निवडा. शेजारी जास्वंदीची पाच रोपे तुलनेसाठी हवीतच. तिथेही पिल्ले मेली तर ती पूर्ण फेरी बाद.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे रोपवाटिकेतले रोप. त्यात इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही (रसातून झाडभर पसरणारे) कीटकनाशक मुरलेले असले तर पिल्ले आठवडाभरात मरतात आणि ‘यजमान नाही’ अशी खोटी नोंद होते. बी किंवा फांदी लावून स्वतः वाढवलेलीच रोपे घ्या. तोडलेल्या पानावरची चाचणीही आम्ही बंद केली आहे: अंड्यापासून मादीपर्यंत साधारण २५ अंशांना ३ ते ४ आठवडे लागतात आणि पान त्याआधीच पिवळे पडते.

रोपावर बारीक विणीच्या मलमलीची पिशवी चढवून बुंध्याशी दोऱ्याने आवळायची. मच्छरदाणीचे कापड चालत नाही. पिल्ले बाहेर जातात आणि गांधीलमाशी आत येते. कुंडी साबणाच्या पाण्याच्या ताटात ठेवा, नाहीतर ढेकूण सोडतात त्या गोडसर चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि पिल्ले इकडची तिकडे करतात.

मोजणी दर सात दिवसांनी. नराचा कोषही पांढरा, कापसासारखाच असतो. घाईत तो अंडीपिशवी म्हणून लिहिला जातो. सुईने उघडून पिवळसर हिरवी अंडी दिसली तरच अंडीपिशवी. दुसरा खड्डा असा: या जातीत प्रजननाला नर लागतो. २० पैकी दोन-तीनच पिल्ले जगली आणि सगळ्या माद्या निघाल्या तर अंडी मिळणार नाहीत, आणि त्याचा दोष झाडाला देता येत नाही. अशा रोपावर वसाहतीतले नर सोडून पाहावे, नाहीतर ती नोंद ‘अपूर्ण’ ठेवावी.

आतापर्यंत जास्वंद आणि गाजरगवत दोन्ही कसोटीला पूर्ण उतरले. गाजरगवताची अडचण वेगळी: फुलून गेलेले रोप दुसरी पिढी पाहण्याआधीच वाळते, म्हणून चार-पाच पानांचेच रोप घ्यावे. चाफ्यावर (प्लुमेरिया) पिढी पूर्ण होते, पण पहिल्या अवस्थेतली पिल्ले जास्त मरतात. प्रयोगशाळेतल्या प्रकाशित निष्कर्षांतही जास्वंद, अ‍ॅकॅलिफा (शोभेचे झुडूप) आणि गाजरगवताच्या तुलनेत चाफ्यावरच जगण्याचे प्रमाण सर्वांत कमी आले होते. त्यामुळे चाफ्यासाठी २० ऐवजी ४० पिल्ले सोडणे शहाणपणाचे. आमच्या मते बागायतदाराने आधी गाजरगवत उपटावे. पपई तोडल्यावरही कीड तिथेच तग धरते.

पुढची फेरी मुद्रा (पेटारी हे तण) आणि तुतीची, पावसाआधीच. पाऊस सुरू झाला की मलमल ओली राहते, बुरशी धरते आणि पिल्ले धुऊन जातात. फेरी संपल्यावर रोपे पिशवीसकट उकळत्या पाण्यात बुडवा. कंपोस्टात टाकू नका आणि लागण झालेली फांदी एका गावातून दुसऱ्या गावी नेऊ नका.