शुक्रवारी राजवाडा बंद, शनिवारी सिनेगॉग

शुक्रवार, रात्री. फोर्ट कोची

काल रात्री मडगावला गाडीत चढलो ते आज दुपारी एर्नाकुलमला उतरलो. झोप लागलीच नाही. भटकळपर्यंत वरच्या बाकावरचा माणूस घोरत होता, पुढे ते काम ह्यांनी हाती घेतलं.

हायकोर्टाच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रोने इकडे आलो. 2023 च्या एप्रिलपासून कोचीत ही विजेवरची बोट चालते. ह्यांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली, त्यामुळे कुठल्याही गाडीत बसले की आधी चालवणाऱ्याकडे बघणार. बोट धक्क्याला अशी लागली की पाणीसुद्धा हललं नाही, तेव्हा स्वतःशीच म्हणाले, "हात बसलो हा ह्याचो." ह्यापरतं कौतुक त्यांच्याकडे नाही. माझं कौतुक वेगळं. आमच्याकडे होडीत चढायचं म्हणजे साडी गुडघ्यापर्यंत खोचून कुणाचा तरी हात धरायचा. इथे चपला न भिजवता खाडी ओलांडली.

मट्टांचेरीचा राजवाडा आजच उरकायचा बेत होता. मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी हसून सांगितलं, शुक्रवारी बंद. मग चिनी जाळी बघायला गेलो. चित्रात पाहिली होती, पण ती एवढी मोठी असतील असं वाटलं नव्हतं. लाकडी वाशांचा एक अख्खा मांडव पाण्याकडे झुकलेला, त्याच्या टोकाला जाळं आणि मागच्या बाजूला दोरांना बांधलेले मोठाले धोंडे. चारपाच जण दोर ओढतात, धोंडे एकामागून एक खाली येतात आणि जाळं वर उचललं जातं. सगळा खेळ वजनाच्या तोलाचा. मल्याळीत त्याला चीनवला म्हणतात, म्हणजे चिनी जाळं.

आम्ही वेंगुर्ल्याची माणसं. रापण, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं मोठं जाळं, ती ओढताना अर्धा वाडा जमतो, मधल्या ओढीला पोरं लागतात, शेवटी वाटा मिळतो. इथे जाळं वर आलं तेव्हा आत बोटभर मासे आणि एक प्लास्टिकची पिशवी. ओढणाऱ्याने ह्यांना दोर धरायला दिला, फोटो काढू दिला आणि मग हात पुढे केला. मला राग नाही आला. माशापेक्षा फोटोवर जास्त मिळत असेल तर त्याने तरी काय करावं.

रात्री केळीच्या पानात भाजलेलं करिमीन. काटे मोडताना ओळख पटली, गोव्याकडे ज्याला काळुंदर म्हणतात तेच हे.

शनिवार, रात्री

आज सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बंद. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, हे मला आधीच सुचायला हवं होतं. रायगडातल्या बेने इस्राएल लोकांना गावोगावी 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. मराठी बोलणाऱ्या त्या ज्यूंना आपल्या धर्माची रीत नव्याने शिकवायला एकोणिसाव्या शतकात जे आले, त्यांत इथले, कोचीचे ज्यू होते. एवढं ठाऊक असूनही मी शनिवारी सकाळी कुलपासमोर उभी. ह्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

मग राजवाडा. सगळे त्याला डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्याला, आणि कोचीच्या राजाला नजर केला. 1663 मध्ये डचांनी पोर्तुगीजांना इथून हुसकावलं, वाड्याची डागडुजी केली, आणि नाव त्यांचं लागलं. बाहेरून बघाल तर फसाल. पांढऱ्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, आमच्याकडच्या एखाद्या थोरल्या खोताच्या घरासारखं. आत राजाच्या शेजघरात भिंतभर रामायण. लाल, पिवळा, हिरवा, आणि एवढी दाटी की बोटभर भिंत मोकळी सोडलेली नाही. ऋष्यशृंग, दशरथ, राण्या, सगळ्यांचे डोळे टपोरे आणि अंगं गोल गोल. फोटो काढायला मनाई आहे, ते एक बरंच. लोक निदान भिंतीकडे बघत होते.

मी मात्र जमिनीवर अडकले. काळीभोर, गुळगुळीत, बघणाऱ्याला संगमरवरच वाटावी. ती करवंटीचा कोळसा, चुना, झाडपाल्याचा रस आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून केली आहे म्हणे. मी वाकून हात फिरवला, पहारेकऱ्याने खाकरून उठवलं. आईने जन्मभर सारवण केलं. भिजवलेलं शेण हाताने पसरताना शेवटचा फेर कसा मारायचा ह्यावर तिची आणि काकीची भांडणं व्हायची. ही जमीन घोटायला किती बायाबापे गुडघ्यावर बसले असतील, त्याबद्दल पाटीवर एक अक्षर नाही. राजांची नावं आहेत, पालख्या आहेत, मेणे आहेत.

दुपारनंतर रिक्षावाल्याला चेरलाईचं तिरुमल देवस्थान म्हणून सांगितलं. आजचा दिवस खरा तिथे लागला. देऊळ गौड सारस्वतांचं. गोव्यात पोर्तुगीजांच्या धर्मसत्तेचा जाच वाढला तेव्हा सोळाव्या शतकात जे दक्षिणेला निघाले, त्यांतले बरेच इथे स्थिरावले. दारात ह्यांना शर्ट काढायला सांगितलं. बनियनसुद्धा. पासष्टी ओलांडलेला माणूस, उघड्या अंगाने चारचौघांत उभा राहायला लाजला, आणि मला हसू दाबता येईना.

प्रदक्षिणा घालताना मागून दोघी म्हाताऱ्या बोलत येत होत्या. आधी वाटलं मल्याळीच. मग 'खंय' ऐकलं. पुढे 'उद्दाक', म्हणजे पाणी, मग 'शीत'. मी थांबलेच. शब्द आमचे, चाल भलतीच, शेवट उचलून धरलेला. मी मालवणीत विचारलं, "तुमी हंयचीच?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग एकीने माझा दंड धरून गावाचं नाव विचारलं. वेंगुर्लं तिला माहीत नव्हतं, गोवा माहीत होतं, पण गेली कधीच नव्हती. तरी तिच्या घरी भाताला शीत म्हणतात. चारशे वर्षांत गाव गेलं, लिपी बदलली, मासळीची नावंसुद्धा इथली झाली असतील, पण तांदूळ शिजला की ते शीतच. आमच्या पोरांना मी शीत म्हटलं तर ती हसतात, "आई, राईस म्हण."

आत्ता भाचीने फोनवर एक पान पाठवलं आहे. ती आयुर्वेदाची डॉक्टर. निघताना म्हणाली होती, "मावशी, कोचीला जातेस तर 'हॉर्टस मलबारिकस' ठाऊक असू दे." डचांचा इथला अधिकारी व्हान रीडे, त्याने मलबारच्या झाडांवर बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला, अॅम्स्टरडॅमला 1678 ते 1693 मध्ये छापला. झाडांची माहिती देणारा इट्टी अच्युतन नावाचा इथला वैद्य, आणि सोबत तीन कोंकणी वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. ह्या तिघांनी 1675 मध्ये लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलं आहे, कोंकणीत आणि नागरी अक्षरांत. तेच हे पान. डोळ्यांजवळ धरून वाचायचा प्रयत्न केला. सगळं नाही लागलं. पण 'अ' ओळखीचा आहे.

ग्रंथातलं पहिलं झाड नारळ. बरोबरच आहे. दुसरं कुठलं असणार?

रविवार, संध्याकाळी

अखेर सिनेगॉग. 1568 चं. चपला बाहेर. आत पायाखाली चीनहून आणलेल्या निळ्यापांढऱ्या फरश्या, हाताने रंगवलेल्या, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. वर काचेची झुंबरं. मनोऱ्याचं घड्याळ 1760 चं, त्याच्या वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळ्या लिपीतले आकडे. इस्राएल झाल्यावर इथली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. गल्लीला अजून ज्यू टाउन म्हणतात, दुकानांत काश्मिरी शाली आहेत. मसाल्यांच्या वखारींतून सुंठीचा वास येतो, तेवढं मात्र जुनं असावं.

सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारची प्रार्थना, तेव्हा तिकडे दुपारी गेलो. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला आणि इथे पुरला. पंधरा वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले. त्या रिकाम्या जागेभोवती कठडा आहे आणि कठड्याभोवती गर्दी. ह्यांना चर्चमधले कापडी पंखे आवडले. छताला लांब झालरी, दोर भिंतीतून बाहेर, आणि बाहेर उन्हात बसून कुणीतरी तो ओढायचा. "आत प्रार्थना, भायर घाम," हे म्हणाले.

परतताना डच दफनभूमी लागली. 1724 ची, फाटकाला कुलूप. गजांतून दिसल्या त्या शेवाळलेल्या समाध्या आणि गुडघाभर गवत. आमच्या वेंगुर्ल्यातही ह्याच डचांची वखार आहे, सतराव्या शतकातली. भिंतींतून वडाची मुळं उतरलीत, लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो आणि साप निघाला की पळायचो. तिकीट नाही, पाटी वाचायला कुणी जात नाही. कोचीत तीन दिवस डचांचं नाव ऐकून मी विचार करत होते की आपल्या वखारीचं काहीतरी व्हायला हवं. त्या कुलपासमोर उभं राहिल्यावर वाटलं, इथेही सगळं काही झाडूनपुसून ठेवलेलं नाही. किंचित बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जाता जाता अर्धा किलो मिरी घेतली. दुकानदार दाणे तळहातावर घोळवून वजन, रंग, वास समजावत होता, आणि मी मान डोलावत होते. तो पैसे मोजत असताना हे मोठ्याने म्हणाले, "परसातल्या पोफळीवर चार वेल आसत गो आपले, ते कोणासाठी?"