१५०७ चा नकाशा आणि माझी सुट्टी
आजची सुट्टी जुन्या नकाशांत गेली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर जर्मन नकाशाकार वाल्डझेम्युलरचा १५०७ चा जगाचा नकाशा उघडला, बारा कागद जोडून केलेला, जगात याची एकच प्रत उरलीय आणि ती मी घरबसल्या झूम करून बघतोय हेच आधी खरं वाटेना. वरती प्राचीन भूगोलतज्ज्ञ टॉलेमी आणि दर्यावर्दी अमेरिगो व्हेस्पुची (ज्याच्यावरून अमेरिका हे नाव पडलं) यांची चित्रं, कडेनं गाल फुगवून फुंकर मारणारे वारे... आणि खाली दक्षिण अमेरिकेवर ती छोटीशी अक्षरं, अमेरिका! हे नाव असलेला हा पहिला नकाशा. पुढे १५१६ च्या नकाशात वाल्डझेम्युलरनंच ते नाव गाळलं, पण तोवर ते पसरलं होतं.

मग अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर शिरलो. तिथे कॅलिफोर्नियाला चक्क बेट दाखवणाऱ्या शेकडो नकाशांचा वेगळा संग्रहच आहे! ही चूक एवढी रुजली होती की १७४७ मध्ये स्पेनच्या राजाला फर्मान काढावं लागलं, हे बेट नाही म्हणून. कुणीतरी या चुकासुद्धा इतक्या जीव लावून जपल्यात, मला फार भारी वाटलं.

कुणी बघणार असाल तर फोनवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघा आणि अगदी कागदाच्या घड्या दिसेपर्यंत झूम करा.