पहिलीच गोळी जोरात का सुटते?

पेंटबॉल मार्कर (रंगाच्या गोळ्या झाडणारी हवेची बंदूक) पाच मिनिटं पडून राहिला, की क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पहिली गोळी २७० ऐवजी ३०० फूट प्रति सेकंद दाखवते? म्हणजे मार्करच्या रेग्युलेटरची (टाकीतल्या हवेचा दाब कमी करणारा भाग) सीट, हवेची वाट बंद करणारी छोटी चकती, नीट बंद होत नाही. हवा झिरपत राहते, दाब चढत जातो. यावर वेगळी स्प्रिंग टाकणं म्हणजे दुखणं एकीकडे, मलम भलतीकडे.

आधी टाकी काढा, मार्कर मोकळ्या दिशेला झाडून त्यात उरलेली हवा संपवा. मगच रेग्युलेटर उघडा. सीट भिंगाखाली धरा: पिस्टनच्या टोकाने खोल गोल खळी पाडली असेल तर सीट बदलाच. पिस्टनची कड मात्र घासू नका. एक चरा पडला तरी गळती कायमची. ग्रीस सिलिकॉनचंच, ओ-रिंगला (हवा अडवणारी गोल कडी) चमक येण्यापुरतं. मशीन ऑइल तर नकोच, जास्त दाबाच्या हवेत ते पेटू शकतं.

टाकीच्या तोंडाची ओ-रिंग ०१५ मापाची: आतला व्यास १४, जाडी १.७८ मिमी. पुण्याच्या बोहरी आळीत त्या मापाची साधी काळी नायट्राइल रिंग घेतलीत तर ती लवकर फाटेल (स्वस्त असते, मोह होतोच). ९० ड्युरोमीटरची (हे कडकपणाचं माप) युरेथेन मागा.

जोडून झाल्यावर पाच गोळ्या झाडा, पाच मिनिटं थांबा, सहावी मोजा. आणि टाकीवरच्या रेग्युलेटरला घरी हात लावायचा नाही.