फोगो बेटावरची मॅट: काठ भरला, आता मधले चौकोन

जुन्या लोकरी कापडाच्या पट्ट्यांची, जमिनीवर अंथरायची मॅट करतेय, तिचे चारही काठ भरून झाले आणि मधल्या चौकोनांच्या दोन ओळीही आल्या. काठातला सगळा काळा-करडा रंग कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावरच्या यार्ड सेलमधून, म्हणजे घरोघरच्या अंगणातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून, आणलेल्या कोटांचा नि पँटींचा आहे. म्हणून या नोंदीत मॅटइतकंच त्या बाजाराबद्दल लिहिते.

गोधडीवाल्या मंडळींसाठी आधी थोडं कामाबद्दल. चौकटीवर गोणपाट ताणायचं. लोकरीच्या कापडाची पाव इंची पट्टी खालच्या हाताने गोणपाटाखाली धरायची आणि वरून आकडा घालून तिचा छोटा फास ओढून घ्यायचा. मग पुढचा फास, मग त्याच्या पुढचा. गाठ कुठेच नाही, फास एकमेकांना खेटून बसतात त्यावरच सगळं टिकतं. जुने आकडे म्हणजे लाकडी मुठीत बसवलेला वाकवलेला खिळा. गोणपाटाला इथे ब्रिन म्हणतात. पूर्वी धान्याची रिकामी पोती उसवून तीच वापरत.

पोतीच का, तर न्यूफाउंडलंडच्या मासेमारी गावांत रोख पैसा हातात फारसा येतच नसे. उन्हाळाभर वाळवलेली कॉड मासळी व्यापाऱ्याकडे जायची आणि तिच्या हिशेबात पीठ, चहा, काकवी, कापड मिळायचं. अशा घरात पोतं फेकलं जात नाही आणि विरलेला स्वेटरही फेकला जात नाही. हिवाळ्यात समुद्र बंद झाला की बायका चौकट काढून बसत.

फोगो हे त्या किनाऱ्यापलीकडचं बेट. फेअरवेल नावाच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते. वस्ती दोन हजारांच्या आसपास, तीही टिल्टिंग, जो बॅट्स आर्म, सेल्डम अशा गावांत विखुरलेली. प्रांताची राजधानी असलेल्या सेंट जॉन्सहून तिथे पोचायला अर्धा दिवस जातो, तरी मी उन्हाळ्यात यार्ड सेलसाठी जाते. एका गावातली बरीच घरं एकाच शनिवारी सकाळी अंगणात टेबलं मांडतात. शेडचं दार सताड उघडं असतं आणि आत दोरखंडाशेजारी एनॅमलची भांडी, रबरी बूट, बरण्या, विणलेले हातमोजे. हॉलमध्ये चहा आणि काकवीचे बन. घासाघीस कुणी फारशी करत नाही. वस्तू कुणाची होती हे मात्र विचारलं तरी सांगतात आणि न विचारताही सांगतात. माझ्या काठातला हिरवट करडा कोट एका बाईंच्या वडिलांचा. ते तो चर्चला जाताना घालत. मी तो कापणार हे त्या बाईंना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "काप ना बाई, कपाटात कसर लागण्यापेक्षा जमिनीवर बरा."

कापड निवडताना मी रंग शेवटी बघते. आधी लेबल. ते नसेल तर घरी आल्यावर दोन धागे पेटवायचे: शंभर टक्के लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते, कृत्रिम धागा असेल तर वितळून कडक मणी होतो. विणीत घट्ट, गुळगुळीत सूटाचं कापड नको, पट्टी सुटते. मऊ, जरा केसाळ फ्लॅनेलसारखं हवं. मग शिवणी उसवून, गरम पाण्यात धुऊन आटवायचं. आटलं की कडा धरते. नक्षीच्या क्षेत्रफळाच्या चार ते पाच पट कापड लागतं. म्हणून मोठे स्कर्ट आणि लांब कोट हेच खरं घबाड.

त्याच ढिगावर दुसरी मंडळीही डोळा ठेवून असतात. माझ्या शेजारी एक आजी फुलाफुलांचा प्रचंड झगा आणि लेसचा पडदा बाजूला काढत होत्या. "ख्रिसमसला लागेल," एवढंच म्हणाल्या. तो ममरिंगसाठी. २६ डिसेंबर ते ६ जानेवारी या बारा दिवसांत लोक उशीचा अभ्रा नाहीतर पडदा तोंडावर ओढून, पुरुष बायकांचे झगे चढवून, पाठीला उशीचं कुबड बांधून घरोघरी जातात. आपल्या कोकणातल्या शिमग्याच्या सोंगांशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं. फरक असा की इथे घरच्यांनी सोंग ओळखायचं असतं. आवाजावरून कळू नये म्हणून ममर श्वास आत ओढत बोलतात. ओळखलं की तोंडावरचा पडदा वर जातो, मग केक आणि पेय. १८६० च्या डिसेंबरात बे रॉबर्ट्स इथे सोंगं घेतलेल्यांच्या हातून एक खून झाला आणि १८६१ मध्ये परवान्याशिवाय सोंग घ्यायला कायद्याने बंदी आली. छोट्या गावांत प्रथा तरीही चालू राहिली. सेंट जॉन्समध्ये २००९ पासून ममर्स फेस्टिव्हल भरतो, मिरवणूक मलाही आवडते. पण ओळखीच्या माणसाच्या स्वयंपाकघरात, ओळखू न येता उभं राहणं हा या खेळाचा गाभा आहे आणि तो लहान गावातच जिवंत राहतो असं माझं ठाम मत आहे. म्हणून ढिगातले पडदे आणि मोठे सुती झगे मी उचलत नाही. लोकर नसल्याने मला ते निरुपयोगी, त्यांना ते हवेच असतात.

आता नक्षी. लोककलेचे अभ्यासक जेराल्ड पोशस यांनी न्यूफाउंडलंडच्या मॅटवर लिहिताना दाखवलं होतं, की स्वयंपाकघरात साध्या भौमितिक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकोनांच्या मॅट असत आणि फुलं, चित्रं, वेगळी रचना बाहेरच्या खास खोलीसाठी. शेजारी मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येत. खास खोली पाद्री, व्यापारी अशा पाहुण्यांची. उत्तरेला ग्रेनफेल मिशन या वैद्यकीय सेवा करणाऱ्या संस्थेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बायकांना विक्रीसाठी मॅट करायला दिल्या. त्यात ध्रुवीय अस्वलं, कुत्र्यांच्या गाड्या, आणि पुढे दान म्हणून आलेले रेशमी स्टॉकिंग कापून केलेलं अत्यंत बारीक काम. ते बघून थक्क व्हायला होतं. तरी मला स्वयंपाकघरातलीच मॅट करायची आहे. दोन इंची चौकोन, प्रत्येकात फासांची दिशा बदललेली, आणि जो रंग संपेल तिथून दुसरा सुरू. जुन्या मॅटमध्ये मध्येच बदललेला निळा दिसतो ना, तो मला दुकानातल्या जुळवलेल्या रंगांपेक्षा कितीतरी आवडतो.

सध्या लाल कमी पडतोय. एका स्कर्टचा होता तेवढा पाचव्या चौकोनात संपला. पांढऱ्या ब्लँकेटचा एक तुकडा शिल्लक आहे, तो मंजिष्ठेत रंगवून बघणार. तुमच्यापैकी कुणी लोकरीवर मंजिष्ठा वापरली असेल तर तुरटी किती घेतली आणि पाणी किती गरम ठेवलं ते सांगा. तोवर करड्याच्या पट्ट्या कापून ठेवते.